कपाटातला सेलेरॉन, टेबलावरचा रायझन

गेल्या अंकात मी वाचकांना विचारलं होतं : आज घरी कोणता कॉम्प्युटर आहे आणि पहिला कोणता होता, दोन्ही लिहून कळवा. पत्रं भरभरून आली. कुणी बिलं जपून ठेवली आहेत, कुणी उघड्या कॅबिनेटचे फोटो पाठवले आहेत. बऱ्याच पत्रांत एक चढाओढ आहे : माझ्याकडे इतके गीगाहर्ट्झ, मित्राकडे तितके जीबी. आकडे मलाही आवडतात. पण नाशिकच्या ज्या दुकानात मी दुरुस्तीचं काम शिकले, तिथले मालक आकडे नंतर बघायचे. गिऱ्हाईक ‘स्लो झालाय’ म्हणालं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “अडतंय कुठे?” चालू होताना, फाइल उघडताना, की छापताना? आजही कुठलंही यंत्र समोर आलं की मी तिथूनच सुरुवात करते. खालची उत्तरंही तशीच लिहिली आहेत.

प्रश्न : १९९९च्या गुढीपाडव्याला लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून मी सेलेरॉन ३००ए प्रोसेसरचा पीसी जोडला आणि तो प्रोसेसर ३००ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर चालवला. मुलाकडे आता रायझन ७ ५८००एक्स३डी आहे. तो म्हणतो, याला ओव्हरक्लॉक करता (ठरल्यापेक्षा जास्त वेगानं चालवता) येत नाही आणि करायची गरजही नाही. मी म्हणतो, ज्यात आपल्याला करण्यासारखं काही उरलंच नाही ते यंत्र कसलं? कुणाचं बरोबर? (ठाणे)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्हा दोघांची यंत्रं एकमेकांची जवळची नातेवाईक आहेत, आणि हे दोघांच्याही लक्षात आलेलं दिसत नाही.

आधी तुमचं. १९९८मध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनला एल-२ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी, झटपट मेमरी, अजिबात नव्हती आणि त्यामुळे तो बदनाम झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ३००ए आला. त्यात १२८ केबी एल-२ कॅश होती, तीही चिपच्या आतच आणि चिपच्या पूर्ण वेगानं चालणारी. त्याच्यापेक्षा कितीतरी महाग पेंटियम-२ मध्ये कॅश ५१२ केबी होती, पण ती चिपच्या बाहेर, शेजारी बसवलेली आणि निम्म्या वेगाची. चिपचा वेग म्हणजे बोर्डावरच्या बसचा वेग गुणिले चिपचा गुणक. तुमच्या चिपचा गुणक ४.५ला पक्का बांधलेला होता. बस ६६ची १०० केली की ३००चे ४५० व्हायचे. ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर १०० मेगाहर्ट्झ ही अधिकृतच सोय होती, त्यामुळे बोर्डात खोचलेली पीसीआय आणि एजीपी कार्डं आपापल्या नेहमीच्या वेगानंच चालत राहायची. फक्त रॅम त्या वेगाला चालणारी, पीसी-१००, लागायची. म्हणून ते इतक्या जणांना साधलं.

आता मुलाचं यंत्र. ५८००एक्स३डी एप्रिल २०२२मध्ये आला. त्याचा कमाल वेग ४.५ गीगाहर्ट्झ, म्हणजे तुमच्या ४५०च्या बरोबर दहापट. आणि कॅश? त्यात एल-३, म्हणजे एल-२च्या पुढच्या पायरीची, कॅश ९६ एमबी आहे. तुमच्या १२८ केबीच्या ७६८ पट. वेग दहापट झाला आणि कॅश शेकडो पट, यातच तुमच्या वादाचं उत्तर आहे.

स्वयंपाकघरात बघा. फोडणी टाकताना मोहरी-हिंग ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यात असली तर हात पोचतो. ती फडताळात असली तर वळून, दार उघडून, डबा काढून परत यावं लागतं, आणि तोवर तेल जळतं. कॅश म्हणजे मिसळणाचा डबा, रॅम म्हणजे फडताळ. आजच्या प्रोसेसरला रॅममधली वस्तू हातात यायला साधारण ७० नॅनोसेकंद लागतात. ४.५ गीगाहर्ट्झच्या चिपचे तेवढ्यात तीनशेहून जास्त ठोके वाया जातात. चिपचा वेग वाढत गेला, पण फडताळ काही त्या प्रमाणात जवळ आलं नाही. म्हणून रायझन बनवणाऱ्या एएमडीनं चिपच्या डोक्यावर कॅशचा आणखी एक थर चढवला, म्हणजे डबाच मोठा केला. गेममध्ये ही चिप तिच्यापेक्षा जास्त गीगाहर्ट्झच्या चिपांना मागे टाकते ती त्या थरामुळे. तुमचा ३००ए जिंकला तो वेगाइतकाच त्या छोट्याशा डब्यामुळे. अडत होतं ती जागा तेव्हाही मेमरी होती, आजही मेमरीच आहे.

मुलाचं म्हणणं निम्मं बरोबर. त्या वरच्या थराला जास्त व्होल्टेज सोसत नाही, म्हणून कंपनीनं गुणक बंद ठेवला आहे. पण रॅमचा वेग आणि टायमिंग (प्रत्येक कामाआधी रॅम किती ठोके थांबते ते आकडे) बदलायला पूर्ण मोकळीक आहे. बोर्डाच्या बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर जा, रॅमची पट्टी ३६००ची असेल तर तिचं प्रोफाइल (एक्सएमपी) चालू करा, फॅब्रिकचा, म्हणजे चिपमधल्या आतल्या जोडरस्त्याचा, वेग १८०० ठेवा, मग एकेक टायमिंग एकेका पायरीनं घट्ट करत जा. प्रत्येक बदलानंतर रात्रभर मेमरी-टेस्ट लावून ठेवा. एक जरी चूक दिसली तरी एक पायरी मागे या. हे काम तुम्ही मुलाच्या शेजारी बसून करा. १९९९मध्ये हाताला लागलेली चिकाटी इथे जशीच्या तशी उपयोगी पडेल.

प्रश्न : माझा आणि मित्राचा, दोघांचाही प्रोसेसर रायझन ५ ५६००जी. दोघांकडे १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड कुणाकडेच नाही. तरी त्याच्याकडे तोच गेम माझ्यापेक्षा कितीतरी सुरळीत चालतो. माझा प्रोसेसर खराब निघाला का? (कोथरूड, पुणे)

उत्तर : प्रोसेसर चांगला आहे. तुमच्या फोटोत एकच पट्टी दिसते, १६ जीबीची. मित्राकडे ८-८च्या दोन असणार, विचारून बघा.

तुमच्या चिपमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते रॅममधूनच वाटा घेतं. डीडीआर-४ची ३२००ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी वाहून नेते. दोन पट्ट्या दोन वेगळ्या चॅनलवर बसल्या की ५१.२. एकाच अरुंद गल्लीतून प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघंही जायला बघतायत, तिथे तुमचा गेम अडतोय. शक्यतो तशीच दुसरी पट्टी घ्या. चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी वापरा. मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग किती दिसतो ते बघा. ३२००ची पट्टी असून तिथे २१३३ किंवा २४०० दिसलं, तर बायॉसमध्ये एक्सएमपी चालू करायचं राहिलंय. हे राहून गेलेलं मी इतक्या घरांत पाहिलंय की नवीन यंत्र आलं की सगळ्यात आधी तेच बघते.

प्रश्न : आमचा सांगलीत छोटा छापखाना होता. २०१९च्या पुरात खालचं सगळं गेलं, पण माळ्यावर ठेवलेला पहिला कॉम्प्युटर वाचला : ४८६ डीएक्स-२, ६६ मेगाहर्ट्झ, ८ एमबी रॅम, ४२० एमबी हार्ड डिस्क, विंडोज ९५. त्यात वडिलांनी जुळवलेल्या लग्नपत्रिका, अभंगांच्या पुस्तिका आणि दोन दिवाळी अंकांची पानं आहेत. वडील आता नाहीत. चालू करून बघू का? (सांगली)

उत्तर : थांबा. अजून प्लग लावू नका.

आधी कॅबिनेट उघडा आणि मदरबोर्डावर, बहुधा कीबोर्डच्या सॉकेटजवळ, निळी किंवा हिरवी, करंगळीच्या पेराएवढी नळकांडीसारखी बॅटरी आहे का बघा. ती निकेल-कॅडमियमची. इतक्या वर्षांत ती गळलेली असणारच. आजूबाजूला हिरवट-पांढरी बुरशी दिसेल. बॅटरीतून गळलेलं अल्कली बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेषा खात जातं. बॅटरी कापून काढा, जुन्या टूथब्रशनं त्या जागेवर थोडं पांढरं व्हिनेगर लावा, मग शुद्ध पाण्यानं आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून दोन दिवस वाळवा. हातमोजे घाला. एसएमपीएसकडून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, बोर्डावर येणारे दोन प्लग (पी-८ आणि पी-९) काढले असतील, तर परत लावताना दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत. उलटे लागले तर बोर्ड जळतो. आणि त्या काळच्या कॅबिनेटच्या पुढच्या बटणापर्यंत सरळ २३० व्होल्ट येतात, म्हणून ते उघडताना पिन भिंतीतून काढलेलीच हवी.

पण तुम्हाला यंत्र हवंय की वडिलांची पानं? पानं हवी असतील तर बोर्ड चालू करायची गरजच नाही. हार्ड डिस्क काढून आयडीईचं (त्या काळच्या डिस्कच्या रुंद जोडणीचं) यूएसबी करणाऱ्या कन्व्हर्टरला लावून बघा. इतक्या जुन्या डिस्क कधीकधी त्यावर दिसत नाहीत, कारण कन्व्हर्टर ज्या पद्धतीनं पत्ता विचारतो ती पद्धत त्यांना ठाऊकच नसते. तेव्हा डिस्क गेली असं समजून टाकून देऊ नका. आयडीईची खाच असलेला जुना पेंटियम शोधा आणि डिस्कच्या लेबलवर छापलेले सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे त्याच्या बायॉसमध्ये हातानं भरा. एकदा फिरली की आधी पूर्ण डिस्कची नक्कल घ्या, फाइली नंतर उघडा. ती दुसऱ्यांदा फिरेल याची खात्री देता येत नाही.

मग खरी अडचण सुरू होईल. फाइल उघडाल आणि समोर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसेल. घाबरू नका, फाइल शाबूत आहे. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये पूर्ण अक्षर नसायचं, अक्षराचे तुकडे असायचे : अर्धा क, काना, वेलांटी, रफार. हे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या खणांत बसवलेले असत आणि फाइलमध्ये फक्त खणाचा नंबर लिहिला जाई. कोणत्या खणात काय, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. श्रीलिपी या सॉफ्टवेअरची मांडणी वेगळी, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या फॉन्टची वेगळी. १९९१मध्ये भारतीय लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले नंबर देणारं इस्की हे भारतीय मानक आलं होतं, पण छापखान्यांतल्या फाइली राहिल्या त्या फॉन्टच्याच भाषेत. म्हणून डिस्कवरून फाइलींच्या बरोबरीनं फॉन्टही उचला, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले सगळेच्या सगळे. नव्या यंत्रावर तोच फॉन्ट बसवला की पान पुन्हा मराठीत दिसू लागेल.

ते युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या नंबरांत, आणायचं असेल तर नेमक्या त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो, आणि त्यानंतर डोळ्यांत तेल घालून वाचायला माणूस लागतो. जुन्या पद्धतीत ‘विठ्ठल’मधली वेलांटी व-च्या आधी टाइप व्हायची, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये आधी व, मग वेलांटी. रफाराचंही असंच : डोळ्यांना तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो, पण युनिकोडमध्ये र त्या अक्षराच्या आधी जातो. कन्व्हर्टर ही अदलाबदल करतो, पण जोडाक्षरांत चुकतो, आणि अभंगांत जोडाक्षरं पावलोपावली असतात. एक पुस्तिका निवडा, तिची छापील प्रत घरात असेल तर ती शेजारी ठेवा आणि तिथून सुरुवात करा. डिस्क दिसलीच नाही तर मला परत लिहा. तुमच्या वडिलांची पानं निघायलाच हवीत असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. वर्गात मुलं आपापले पीसी सांगतात तेव्हा मी गप्प बसते. आमच्याकडे मामाच्या ऑफिसातून आलेला जुना डबा आहे : कोअर-२ ड्युओ ई७५००, २ जीबी रॅम. मला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायचीय. बाबा म्हणतात, नवीन लगेच जमणार नाही. (जळगाव)

उत्तर : पुढच्या वेळी तुझा नंबर आला की नाव सांग, ई७५००, २.९३ गीगाहर्ट्झ, दोन कोअर. नीट मोठ्यानं सांग.

१९९३मध्ये मी ज्या यंत्रावर प्रोग्रॅम लिहायला शिकले तो ३८६एसएक्स होता : २५ मेगाहर्ट्झ, २ एमबी रॅम, ४० एमबी हार्ड डिस्क. त्यावर मी फॉक्सप्रो या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये एका द्राक्ष बागाईतदारासाठी मजुरांच्या हजेरीचा आणि पगाराचा प्रोग्रॅम लिहिला. नुसते ठोके मोजले तरी तुझा एकेक कोअर त्याच्या शंभरपटीहून वेगवान आहे, आणि तुझी रॅम हजारपटीहून जास्त. पायथनला तुझं यंत्र पुरेसं आहे.

ते अडतंय दोन जागी. पहिली हार्ड डिस्क. फिरत्या डिस्कला एखादी जागा शोधायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, एसएसडीला (न फिरणाऱ्या, चिपच्या डिस्कला) त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही वेळ लागत नाही. छोटी, साटाची एसएसडी पुरे. तुझ्या बोर्डावर तिला निम्म्याच्या आसपासच वेग मिळेल, तरी फरक पहिल्या दिवशी जाणवेल. दुसरी जागा रॅम. बोर्डावर डीडीआर-२ लागते की डीडीआर-३ हे आधी नीट वाच, कारण खाचा वेगळ्या असतात, आणि मग ४ जीबी कर. जुनी रॅम दुरुस्तीच्या दुकानांत मिळते. बाबांना एवढा खर्च सांगून बघ. ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिवे, नवं कॅबिनेट, यातलं काहीही सध्या नको.

विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाले आणि विंडोज ११ तुझ्या यंत्राला अधिकृतपणे चालत नाही. त्याऐवजी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई आवृत्ती घाल. ती फुकट आहे, हलकी आहे आणि पायथन तिच्यात आधीपासून असतं. चालू केल्यावर नुसते बीप वाजत राहिले आणि पडद्यावर काही आलं नाही, तर प्लग काढ, रॅमची पट्टी बाहेर काढ, तिच्या सोनेरी दातांवर पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरव, भुसा झटक आणि खटका बसेपर्यंत परत लाव. पहिला प्रोग्रॅम चालला की मला त्याच्या ओळी लिहून पाठव. मी वाचीन.

प्रश्न : कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस बदलला तरी तेच. (सिन्नर)

उत्तर : तुमच्या घराचं अर्थिंग तुटलंय किंवा नाहीच. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. विजेतला गोंगाट जमिनीत सोडणं हे त्यांचं काम. जमीनच मिळाली नाही की पत्र्यावर निम्मा दाब, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट, तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या आत एखादी वायर सुटून पत्र्याला लागली तर तोच पत्रा जीव घेईल. वायरमनला बोलावून फेज ते अर्थ मोजायला सांगा, २३०च्या आसपास यायला हवं. तोवर पीसी बंद ठेवा, घरात मुलं आहेत असं तुम्ही लिहिलंय.

प्रश्न : सगळ्यांना विचारता, तुमचा स्वतःचा सेटअप काय ते कधी सांगत नाही! (बऱ्याच जणांकडून)

उत्तर : सांगते. रोजचं काम कोअर आय-५ ३४७०वर. २०१२चा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एसएसडी. लिहायला, गिऱ्हाईकांच्या डिस्कच्या नकला घ्यायला आणि हिशेबाला तो कुठेच अडत नाही, म्हणून बदललेला नाही. टेबल सागवानी, मोठ्या भावानं करून दिलेलं, कॅबिनेटच्या मागे हवा जायला वीतभर जागा सोडलेली. कीबोर्ड मात्र त्या ३८६चा, गोल जाड पिनेचा, दोन कन्व्हर्टर लावून चालवलेला. त्याच्या कळांचा खटका माझ्या बोटांना पाठ आहे.

आणि तो ३८६ही आहे. बॅटरी गळायच्या आत कापून काढली होती, म्हणून बोर्ड वाचला. खंडेनवमीला सोल्डरिंग गन, पक्कड आणि मल्टिमीटरच्या शेजारी त्यालाही हळदकुंकू वाहते, आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, चालू करते. बॅटरी नसल्यामुळे त्याला काहीच आठवत नाही, आपली हार्ड डिस्क कोणती तेही नाही. मी वही उघडते आणि पहिल्या पानावरचे आकडे भरते : ९७७ सिलिंडर, ५ हेड, १७ सेक्टर. डिस्क घरघरत वेग घेते. मग डॉस १ जानेवारी १९८० दाखवून तारीख विचारतं, आणि मी त्या दिवसाची तारीख टाइप करते.